तीन पेन्सांचं भांडण

बॉस्टनच्या स्टेट स्ट्रीटवर नोव्हेंबरचा वारा बंदराकडून येतोय आणि काचेच्या उंच इमारतींमधून वाट काढत थेट कानात शिरतोय. त्या इमारतींच्या गराड्यात विटांची एक बुटकी, देखणी वास्तू उभी आहे. हे ओल्ड स्टेट हाउस, १७१३ सालचं. छपराच्या एका टोकाला सोनेरी सिंह, दुसऱ्या टोकाला रुपेरी एकशिंगी घोडा. ब्रिटिश राजचिन्हातली ही जोडी. इमारतीच्या पोटात भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. हातात कॉफीचे कप धरलेली माणसं जमिनीतून वर येतात आणि मान वर न करता आपापल्या ऑफिसच्या दिशेनं निघून जातात.

आम्ही दहाबारा जण मात्र माना वर करून उभे आहोत. समोर तिकोनी टोपी, पितळी बटणांचा कोट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि पांढरे मोजे घातलेला गाइड. त्याचे गुडघे थंडीनं गारठले असावेत, पण आवाज खणखणीत आहे. माझ्या शेजारी कानटोपी आणि मफलर बांधलेले एक काका. कोल्हापूरचे, विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेत. बरोबर दहाएक वर्षांचा नातू. गाइडचं बोलणं काकांना बरंचसं कळतं. जे निसटतं ते नातू सांगतो, आणि नातवाचं मराठी जिथे अडतं तिथे मी.

गाइड बाल्कनीकडे बोट करतो. १८ जुलै १७७६ रोजी तिथून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि त्याच दिवशी लोकांनी सिंह आणि घोडा खाली ओढून त्यांची होळी केली. आता वर दिसतात त्या नंतरच्या प्रतिकृती. पण आज त्याला जाहीरनाम्याबद्दल बोलायचं नाहीये. तो बाल्कनीमागच्या दालनाच्या खिडक्या दाखवतो आणि म्हणतो, भांडण त्याच्या पंधरा वर्षं आधी, १७६१ च्या फेब्रुवारीत, त्या खोलीत सुरू झालं.

भांडण झडतीच्या हुकुमाचं होतं. जकात अधिकाऱ्याला कुठल्याही जहाजात, वखारीत किंवा घरात घुसून चोरटा माल शोधायची मुभा देणारा हा हुकूम. त्यावर घरमालकाचं नाव नाही, कसला माल शोधायचा ते नाही. एकदा दिला की राजा जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी सहा महिने चालणारा. दुसरा जॉर्ज १७६० च्या ऑक्टोबरात वारला, त्यामुळे हुकूम नव्यानं काढायची वेळ आली. व्यापाऱ्यांनी विरोध केला. सरकारी वकिलाचं पद सोडून जेम्स ओटिस त्यांच्या बाजूनं उभा राहिला आणि तासन् तास बोलला. खटला तो हरला. पण तरुण वकील जॉन अ‍ॅडम्स त्या दालनात बसून ऐकत होता, आणि स्वातंत्र्याचा जन्म त्या खोलीत झाला असं त्यानं म्हातारपणी लिहून ठेवलं.

काका कानटोपी जरा वर करतात. ‘‘नाव नसलेलं वॉरंट? आम्ही असं काही काढलं असतं ना, तर कोर्टानं आम्हालाच उभं-आडवं घेतलं असतं.’’

गाइड आता पैशाच्या हिशेबाकडे वळतो. १७६३ साली फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं. इंग्लंड जिंकलं, पण डोक्यावर तेरा कोटी पौंडांच्या आसपास कर्ज झालं. शिवाय अमेरिकेत दहा हजारांची फौज ठेवायची तर दरवर्षी खर्च. लंडनचं म्हणणं सरळ होतं. तुमच्या रक्षणासाठी लढलो, आता वाटा उचला. हे म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. इंग्लंडमधला माणूस १६९४ पासून मुद्रांक शुल्क भरत होता, आणि वसाहतीतल्या माणसापेक्षा त्याच्यावर कराचा बोजा कितीतरी जास्त होता.

वसाहतींचा हिशेब वेगळा होता. फ्रेंच गेले, आता पश्चिमेच्या जमिनी आपल्या, असं शेतकऱ्यांपासून जॉर्ज वॉशिंग्टनसारख्या जमीनदारांपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तेवढ्यात ७ ऑक्टोबर १७६३ ला राजाचं फर्मान आलं: अ‍ॅपलेशियन डोंगररांगेपलीकडे वस्ती करायची नाही. तिथल्या मूळ रहिवाशांशी नवं युद्ध लंडनला परवडणारं नव्हतं. त्यांचा सरदार पॉन्टिअ‍ॅक याच्या उठावानं त्या वर्षी सरहद्दीवरची ठाणी आधीच पेटवली होती. ज्यांच्या जमिनी, त्यांच्या बाजूनं राजानं ओढलेली ती रेषा होती. जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांना ती आपल्या पायात घातलेली बेडी वाटली.

‘‘आता गंमत ऐका,’’ गाइड म्हणतो. १७६४ साली उसाच्या मळीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सांवरून तीन पेन्सांवर आणली गेली. मळीपासून रम बनायची आणि न्यू इंग्लंडचा बराच धंदा त्या रमवर चालायचा. कर निम्मा झाला म्हणून लोकांनी आनंद मानायला हवा. त्यांनी ओरडा केला. कारण सहा पेन्स कोणी भरतच नव्हतं. पेनी-दीड पेनी चिरीमिरी देऊन माल सुटायचा. आता दर कमी आणि वसुली कडक. पकडलात तर खटला आरमारी न्यायालयात, जिथे ज्यूरी नाही.

काका मोठ्यानं हसतात. बाकीची मंडळी वळून बघतात. ‘‘दर कमी, वसुली कडक! अहो, व्यापारी सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतो. दर वाढवा, तो तुमच्याशी जुळवून घेतो. वह्या तपासायला घ्या, तो मोर्चा काढतो.’’ हे वाक्य गाइडला इंग्रजीत सांगावं लागतं. तो टोपी काढून काकांना मुजरा करतो.

पुढचं पाऊल १७६५ चं. मुद्रांक कायदा. वर्तमानपत्र, मृत्युपत्र, खरेदीखत, पदवीचं प्रमाणपत्र, पत्त्यांचा जोड, सोंगट्यांचे फासे, सगळ्याला सरकारी शिक्का आणि शिक्क्याला पैसे. रकमा प्रचंड नव्हत्या. पण हा कर नेमका वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले यांच्या खिशाला लागला. म्हणजे जे बोलतात, जे छापतात आणि ज्यांच्या बाकांवर बसून माणसं तावातावानं चर्चा करतात, त्या तिघांना एकाच वेळी डिवचलं गेलं. १४ ऑगस्टच्या सकाळी शहराच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या एल्मच्या झाडाला मुद्रांक विक्रेता अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा टांगलेला दिसला. बारा दिवसांनी जमावानं उपराज्यपाल टॉमस हचिन्सनचं घर फोडलं. दारं, खिडक्या, पुस्तकं, चांदी, काही ठेवलं नाही. नोव्हेंबरात कायदा लागू व्हायच्या आधीच बहुतेक मुद्रांक विक्रेत्यांनी राजीनामे दिले होते. मार्च १७६६ मध्ये संसदेनं कायदा मागे घेतला. मात्र त्याच दिवशी दुसरा कायदा करून ठेवला: वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदे करायचा हक्क आमचाच आहे.

नातू विचारतो, ‘‘मग ते जिंकले की हरले?’’

‘‘दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं,’’ गाइड म्हणतो. ‘‘धोका तिथेच होता.’’

आम्ही काही पावलं चालतो आणि बाल्कनीच्या समोर, रहदारीच्या कडेला, दगडांच्या एका वर्तुळापाशी थांबतो. ५ मार्च १७७० चा गोळीबार याच भागात झाला. बाजूनं डिलिव्हरीची व्हॅन हॉर्न वाजवत जाते. गाइड तिला वाट देतो आणि आवाज चढवून सांगत राहतो.

१७६७ साली काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर नव्या जकाती बसल्या. शहरानं विलायती मालावर बहिष्कार टाकला. बायकांनी घरोघरी चरखे काढले आणि हातानं विणलेलं कापड मिरवलं. जकात अधिकाऱ्यांना रस्त्यात फिरणं अवघड झालं, तेव्हा १ ऑक्टोबर १७६८ ला फौज उतरली. सुमारे सोळा हजार वस्तीच्या गावात दोन हजारांच्या आसपास लाल डगलेवाले. दर आठामागे एक शिपाई. रात्री घरी जाणाऱ्या माणसाला कोपऱ्याकोपऱ्यावर ‘कोण आहे?’ म्हणून दरडावलं जाऊ लागलं. त्यात शिपायांचा पगार तुटपुंजा. ड्युटी नसेल तेव्हा ते शहरात मजुरीला जायचे आणि स्थानिक मजुरापेक्षा कमी पैशात काम करायचे. गोळीबाराच्या तीन दिवस आधी, २ मार्चला, जॉन ग्रेच्या दोर वळायच्या कारखान्यात काम मागायला गेलेल्या एका शिपायाला कामगारांनी अपमान करून हाकललं. मग सोटे घेऊन दोन्हीकडचे भिडले. फेब्रुवारीत एका दंगलीत क्रिस्टोफर सायडर हा अकरा वर्षांचा मुलगा गोळी लागून मेला होता. ती जखमही ओलीच होती.

५ मार्चच्या रात्री जमिनीवर बर्फ होतं. कस्टम हाउससमोर एकटा पहारेकरी. पोरं टोमणे मारतात, बर्फाचे गोळे फेकतात, त्यात शिंपले आणि लाकडाचे तुकडेही येतात. कॅप्टन प्रेस्टन मूठभर शिपाई घेऊन मदतीला येतो. गर्दी वाढते. कोणीतरी बंदूक झाडतो, मग बाकीचे झाडतात. पाच माणसं मेली. त्यांतला क्रिस्पस अ‍ॅटक्स हा खलाशी होता, आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचा.

गाइड पिशवीतून एक चित्र काढतो. पॉल रिव्हिअरनं कोरून विकलेलं हे चित्र. त्यात शिपाई एका ओळीत शिस्तीत उभे, मागे अधिकारी तलवार उगारून हुकूम देतोय, समोर निःशस्त्र सभ्य गृहस्थ कोसळताहेत. बर्फाचे गोळे नाहीत, सोटे नाहीत. हे चित्र वसाहतभर गेलं. शिपायांचं वकीलपत्र मात्र त्याच जॉन अ‍ॅडम्सनं घेतलं. प्रेस्टन आणि सहा शिपाई सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधासाठी अंगठ्यावर डागणी मिळाली. न्यायालयातलं सत्य आणि छापखान्यातलं सत्य यांच्या वाटा इथे वेगळ्या झाल्या. पुढची पाच वर्षं छापखान्यातलंच जास्त चाललं.

पाच मिनिटांत आम्ही वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसच्या दारात पोचतो. १७२९ सालचं विटांचं प्रार्थनाघर, उंच मनोरा. आत शिरताच वारा थांबतो आणि कान बरे होतात. पांढऱ्या भिंती, मोठ्या खिडक्या, वर सज्जे. खाली लाकडी कठड्यांचे चौकोन आणि त्यांत बाकं. मूळची बाकं ही नव्हेत. १७७५ साली ब्रिटिश घोडदळानं इथे घोडे फिरवायचं मैदान केलं आणि बाकं थंडीत जाळून टाकली.

एका बाजूला फिलिस व्हीटलीचा पुतळा आहे. सातेक वर्षांची असताना, १७६१ मध्ये, आफ्रिकेतून पकडून आणून ती याच शहरात विकली गेली. इंग्रजी शिकली, कविता लिहू लागली. ती याच प्रार्थनाघराची सदस्य होती. तिचं पुस्तक १७७३ साली लंडनमध्ये छापलं गेलं आणि त्याच्या प्रती ज्या जहाजातून बॉस्टनला आल्या ते जहाज होतं ‘डार्टमथ’. त्याच जहाजात चहा होता. स्वातंत्र्याच्या गप्पांनी शहर दुमदुमत असताना, त्याच वर्षी, बॉस्टनच्या गुलामांनी विधानसभेकडे सुटकेसाठी अर्ज केले. त्यांची दाद लागली नाही. गाइड हे सांगतो तेव्हा सज्जात कुजबुजणारं एक जोडपंही गप्प होतं.

मग तो व्यासपीठाखाली उभा राहतो आणि आम्हाला बाकांवर बसवतो. १६ डिसेंबर १७७३. आज आपण दहाबारा आहोत, तो म्हणतो, त्या दिवशी आत आणि बाहेर मिळून पाच हजारांवर माणसं होती. मतदानाचा हक्क असलेले, नसलेले, शिकाऊ पोरं, हमाल, आसपासच्या गावांतले शेतकरी. चहाविरुद्धची पहिली सभा नोव्हेंबरअखेर फॅनिअल हॉलमध्ये भरली, तिथे माणसं मावेनात म्हणून इथे हलली.

काकांचा हात वर. ‘‘चहावर कर किती होता?’’

‘‘पौंड वजनामागे तीन पेन्स. १७७० साली बाकीच्या जकाती उठवल्या, तेवढी एक ठेवली.’’

‘‘आणि १७७३ च्या कायद्यानं ती वाढवली?’’

‘‘नाही. चहा स्वस्त केला. ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधली जकात माफ केली आणि माल थेट अमेरिकेत विकायची परवानगी दिली. चोरट्या डच चहालाही टक्कर देईल असा भाव.’’

काका थोडा वेळ विचार करतात. मग खात्यात आयुष्य घालवलेला माणूसच विचारेल तो प्रश्न विचारतात. ‘‘हे तीन पेन्स जमा कुठल्या खात्यात होत होते?’’

गाइडचा चेहरा उजळतो. फार थोडे लोक हे विचारतात, तो म्हणतो. आजवर मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालाचा आणि न्यायाधीशांचा पगार इथली निवडून आलेली विधानसभा मंजूर करायची. राज्यपाल नेमायचा राजा, पण पगारासाठी त्याला इथल्या लोकांसमोर यावं लागायचं. १७७२ मध्ये लंडननं ठरवलं, यापुढे हा पगार जकातीच्या उत्पन्नातून राजा देईल. म्हणजे चहावरच्या तीन पेन्सांतून राज्यपाल आणि न्यायाधीश विकत घेतले जाणार आणि विधानसभेच्या हातातली दोरी सुटणार. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बॉस्टनचा पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स आणि त्याच्या साथीदारांनी गावोगावी पत्रं धाडण्यासाठी समिती नेमली.

‘‘हां,’’ काका मांडीवर थाप मारतात. ‘‘आता लागला हिशेब. पगार ज्याचा, साहेब त्याचा.’’

माझ्या मते या सगळ्या भांडणाचा गाभा काकांच्या त्या एका वाक्यात आहे. पण तो एवढाच होता असं म्हणणंही भाबडेपणा ठरेल. या सभेत बसलेल्यांपैकी अनेक बडे व्यापारी चोरट्या चहावर गब्बर झाले होते. स्वस्त चहानं त्यांचं दुकान बंद होणार होतं. कंपनीनं चहा विकायला निवडलेल्या मोजक्या लोकांत हचिन्सनचे दोन मुलगे होते. हचिन्सन तोवर राज्यपाल झालेला. मक्ता, वशिला आणि कर एकाच खोक्यात भरून आले होते.

त्या दिवशीचं नाट्य वेळेचं आहे. ‘डार्टमथ’ २८ नोव्हेंबरला बंदरात आलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार, आणि जप्त झाला की विकला जाणार. मुदत दुसऱ्या दिवशी संपतेय. जहाजाचा तेवीस वर्षांचा मालक फ्रान्सिस रॉच हताश आहे. लोक म्हणतात चहा परत ने, सरकार म्हणतं परवाना नाही. सभेनं त्याला मिल्टनला, राज्यपालाच्या बंगल्यावर धाडलंय. अंधार पडतो, मेणबत्त्या लागतात. रॉच परत येतो आणि सांगतो, परवाना मिळाला नाही. सज्जातून आरोळ्या उठतात आणि गर्दी ग्रिफिन्स धक्क्याकडे लोटते.

गाइडचं काम इथे संपतं. बंदरावरच्या जहाजांकडे आम्ही आपले आपण निघतो. पंधरा मिनिटांचा रस्ता. जुना ग्रिफिन्स धक्का आता जमिनीखाली गेलाय. भराव टाकून शहर समुद्रात सरकलंय, आणि जिथे पाणी होतं तिथे रस्ते आणि ऑफिसं आहेत. चहाच्या बंडाचं संग्रहालय काँग्रेस स्ट्रीटच्या पुलाला टेकून पाण्यावर आहे. ‘डार्टमथ’सारखीच चहा घेऊन आलेल्या ‘एलिनॉर’ आणि ‘बीव्हर’ या दोन जहाजांच्या प्रतिकृती तिथे हिंदकळताहेत.

डेकवर एक नट आम्हाला घोषणा द्यायला लावतो. नातू पुढे होतो, दोन्ही हातांनी खोकं उचलतो आणि पाण्यात फेकतो. टाळ्या पडतात. खोक्याला दोरी बांधलेली आहे. ती ओढून ते वर घेतलं जातं आणि रांगेतल्या पुढच्या मुलाच्या हातात जातं. खरी खोकी इतकी हलकी नव्हती. मोठं खोकं दीडशे किलोच्या घरात जायचं. कप्पीनं तळातून वर काढायचं, कुऱ्हाडीनं फोडायचं आणि मग उलटं करायचं. शंभर-दीडशे माणसं तीन तास हे करत होती. तोंडाला काजळी फासून, घोंगड्या पांघरून त्यांनी मोहॉकांचं सोंग घेतलेलं. मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावू दिल्या नाहीत म्हणून राजावर दात खाणारी वसाहत, बंडाच्या रात्री त्यांचाच वेश घालून आली होती.

ओहोटी होती, त्यामुळे चहा बुडेना. जहाजांच्या कडेला त्याचे ढीग साचले. एकूण ३४० खोकी, सुमारे ९२,००० पौंड वजनाचा चहा. कंपनीनं नुकसान मांडलं ९,६५९ पौंड. बाकी कशाला हात लावला नाही. कोटाच्या अस्तरात चहा भरून पळणाऱ्या एकाला लोकांनी पकडून चोप दिला. मुद्दा चोरीचा नव्हता हे त्यांना दाखवायचं होतं.

खाली टी रूममध्ये आम्ही टेबल पकडतो. फेकलेल्या चहाचे पाचही प्रकार इथे चाखायला मिळतात: बोही, कॉंगू, सूचाँग, सिंग्लो, हायसन. नातू एक घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. ‘‘आबा, हा आपला चहा नाही.’’ खरंच नाही. हा सगळा चीनचा, कँटनहून निघालेला. आसामचा चहा बाजारात यायला अजून साठ-सत्तर वर्षं होती.

पण हिंदुस्थानचा त्या खोक्यांशी संबंध होता, आणि तो कडू आहे. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली आणि कंपनीची वसुली चालूच राहिली. तरीही १७७२ पर्यंत कंपनी दिवाळ्याच्या काठावर आली. लंडनच्या वखारींत पावणेदोन कोटी पौंड वजनाच्या आसपास न विकलेला चहा पडून होता. १७७३ मध्ये संसदेनं कंपनीला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, तिच्या कारभाराला वेसण घालणारा कायदा केला आणि चहा खपवायला अमेरिकेची बाजारपेठ मोकळी करून दिली. बॉस्टनला पोचलेली खोकी या बचाव योजनेचा भाग होती.

अमेरिकेतल्या शहाण्या माणसांना हे माहीत होतं. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सननं नोव्हेंबर १७७३ मध्ये ‘रस्टिकस’ या टोपणनावानं एक पत्र लिहिलं. कंपनीनं आशियात युद्धं लावली, राज्यं लुटली, धान्य अडवून भाव चढवले आणि त्यापायी असंख्य माणसं उपाशी मेली, असं त्यात बजावलं होतं. आता तिची नजर आपल्याकडे वळली आहे, हा त्याचा इशारा. बंगालच्या भुकेची बातमी अटलांटिक ओलांडून बंडाच्या कारणांत जाऊन बसली होती.

काका कप खाली ठेवतात. ‘‘सतराशे त्र्याहत्तर म्हणजे आपल्याकडे नारायणराव ना?’’ हो. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढच्या वर्षअखेर कंपनीच्या मुंबईकरांनी ठाणे आणि साष्टी घेतली. मार्च १७७५ मध्ये त्यांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला आणि पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिलला, लेक्सिंग्टनमध्ये अमेरिकन युद्धाची पहिली गोळी सुटली. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्या कॉर्नवॉलिसच्या सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली, तोच १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. ‘‘म्हणजे बदली झाली,’’ काका म्हणतात. त्यांना यात काहीच नवल वाटत नाही.

खिडकीबाहेर खाडीचं पाणी काळसर होतंय. चहा बुडवल्याची शिक्षा लंडननं फक्त गुन्हेगारांना न देता अख्ख्या वसाहतीला दिली. १ जून १७७४ पासून बॉस्टनचं बंदर बंद झालं. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून गावसभांवर बंधनं आली, आणि न्यायाधीश व अधिकारी नेमायचे अधिकार राज्यपालाकडे गेले. बंदर बंद झाल्यानं बॉस्टन उपाशी पडलं, पण सनद बदलल्यानं खेडी उठली. ६ सप्टेंबर १७७४ ला वुस्टर गावात ३७ गावांतले ४,६२२ शेतकरी कवायतीच्या तुकड्या करून आले आणि त्यांनी न्यायालय भरू दिलं नाही. राजानं नेमलेल्या अधिकाऱ्यांना टोपी हातात घेऊन, दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या मधून, आपला राजीनामा पुन्हा पुन्हा वाचत चालावं लागलं. एकही गोळी सुटली नाही. लेक्सिंग्टनच्या सात महिने आधी, बॉस्टनबाहेरच्या बहुतेक मॅसॅच्युसेट्समधून राजाची सत्ता अशी निघून गेली होती. त्या शेतकऱ्यांपैकी किती जणांनी कंपनीचा चहा कधी पाहिला असेल कोण जाणे. त्यांच्या जमिनीच्या दाव्याचा निकाल कोणाचा माणूस देणार, हे मात्र प्रत्येकाला कळत होतं.

म्हणून ‘जाचक करांमुळे अमेरिकेत बंड झालं’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य अर्धवट आहे. मळीचा कर निम्मा केला तेव्हा लोक चिडले, चहा स्वस्त झाला तेव्हा उठले. कर्ज, जमीन, मजुरी, मक्तेदारी, चोरटा धंदा, सगळं त्यात होतं. पण या साऱ्याला एकत्र बांधणारा धागा एकच: आमच्या पैशानं पोसलेला कारभारी आम्हाला जबाबदार राहणार की नाही. गुलामांनी आणि मूळ रहिवाशांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा बंडखोरांनी तो ऐकून घेतला नाही, हेही त्याच हिशेबात मांडावं लागतं.

लंडनला हा मुद्दा शेवटी पटला. १७७८ साली संसदेनं कायदा करून चहावरची जकात रद्द केली आणि महसुलासाठी वसाहतींवर यापुढे कर लावणार नाही असं लिहून दिलं. तोवर युद्धाला जवळजवळ तीन वर्षं झाली होती, साराटोगाला इंग्रजांची एक अख्खी फौज शरण गेली होती आणि अमेरिकेनं फ्रान्सशी तह केला होता. देऊ केलेली सवलत अमेरिकेनं नाकारली.